ताईसाठी घासलेला दगड

ठोक्याला दगडातलं काही कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. वीस वर्षं तो दगडच कापत आला होता. स्वयंपाकघरातले ओटे, जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी. ग्रॅनाइटवर नुसता तळवा फिरवून तो सांगायचा की ही लादी इथे टिचणार, आणि ती तिथेच टिचायची. लहानपणी हाताला लागेल त्यावर हातोडी चालवायचा म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव आता गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं होतं. पण दगडावर जीव असणं म्हणजे काय, ते मात्र त्याने पाहिलं होतं फक्त ताईकडे.

ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. घरी मात्र तिची तीन कपाटं दगडांनी भरलेली. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर आकडा आणि एका जाड वहीत त्या आकड्यापुढे दगडाची सगळी हकिकत.

खरं तर ती भूगर्भशास्त्रच शिकायला गेली होती. दुसऱ्या वर्षाला असताना बाबा अंथरुणाला खिळले. आई आधीच गेलेली, तेव्हा कुणीतरी घरी थांबणं भाग होतं. ठोक्या सतरा वर्षांचा होता, दहावीला दोनदा आपटून दिवसभर मोकळाच होता. पण बाबांचं सगळं करायचं म्हटल्यावर त्याने सरळ हात वर केले. मला असलं काही जमत नाही म्हणाला आणि मित्रांबरोबर बाहेर सटकला. संध्याकाळी परतला तेव्हा ताईने कॉलेजची पुस्तकं माळ्यावर टाकली होती. त्यावर दोघांनी आजवर एक अवाक्षरही काढलं नव्हतं. ती बोलली नाही म्हणून त्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तसं वाटलं याची लाज त्याला पुढे कित्येक वर्षं पुरली.

ताईच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आठवडा असताना तो एका घरी ओटा बसवायला गेला होता. शेजारच्या जागेत इमारतीचा पाया खणत होते. जेवणाच्या सुट्टीत तो हात झटकत तिकडे गेला आणि उकरलेल्या मातीच्या ढिगात त्याला एक चपटा दगड दिसला. वहीएवढा. कडेने पाहिलं तर चॉकलेटी आणि सायीच्या रंगाचे पट्टे, एकावर एक, जणू कुणी मोजून बसवलेले. वरचं अंग मात्र देवीचे व्रण असावेत तसं खळग्यांनी भरलेलं. त्याने यंत्रावरच्या माणसाला विचारलं, हा नेऊ का? तो म्हणाला, हवा तर अख्खा ढीग ने, माझी एक खेप वाचेल.

ठोक्याचे हात शिवशिवायला लागले. त्याच्या धंद्यात खळगा म्हणजे खोट. दुकानात येऊन त्याने प्रत्येक खळग्याभोवती खडूने गोल काढला, बोट घालून खोली पाहिली आणि पाणी सोडून घासायला घेतलं. आधी खरखरीत चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. दोन तासांत दगड आरशासारखा झाला. पट्टे असे उठून आले की तो स्वतःवरच खूश झाला.

वाढदिवसाला ताईने दगड दोन्ही हातांत घेतला, उजेडात धरला, भिंगातून कड पाहिली. तिचा चेहरा उजळला होता. मग तिने विचारलं, वरची बाजू आधी कशी होती?

“अगं, नुसते खळगे होते, वाटाण्याएवढे,” ठोक्या म्हणाला. “आणि मधून कोंबडी चालत गेल्यासारख्या खुणा. सगळं साफ करून टाकलं.”

ताईचा हात क्षणभर थांबला. मग ती म्हणाली की खूपच मेहनत घेतलीस, आणि चहा टाकायला आत गेली. दगड तिने सगळ्यांत वरच्या फळीवर, दारातून दिसेल असा ठेवला.

ठोक्याला पुढचं कधी कळलंही नसतं. पण पंधरा दिवसांनी तिच्या कपाटाची फळी वाकली म्हणून तो दुरुस्तीला आला. ताई शाळेत होती. वही समोरच होती. आपल्या दगडाबद्दल काय लिहिलंय ते बघावं, म्हणून त्याने हौसेने शेवटचं पान काढलं.

‘क्रमांक २१४. गाळाचा खडक, पट्टेदार. वरच्या पृष्ठावर पावसाच्या थेंबांचे आणि लहान प्राण्याच्या पावलांचे ठसे असावेत. पृष्ठ आता झिजलेलं आहे. धाकट्या भावाने आठवणीने आणून दिला.’

त्याने ते तीनदा वाचलं. झिजलेलं. झिजवलेलं नाही. जी वही तिच्याशिवाय कुणी उघडत नव्हतं, तिच्यातही तिने त्याला पाठीशी घातलं होतं. घरात कुणी नसतानाही कुणीतरी बघतंय असं वाटून त्याने वही घाईने मिटली.

फळी तशीच टाकून तो पायाच्या खड्ड्याकडे धावला. अजून एखादा तुकडा मिळेल, निदान याचाच जोड. पण खड्ड्यात काँक्रीट पडलं होतं, ढीग उचलला होता. माती कुठे गेली ते विचारत तो गावाबाहेरच्या एका सखल जागेवर पोचला, तर तिथे रोलर फिरून सगळं सपाट. तरी तो अंधार पडेपर्यंत वाकून फिरत राहिला. हाती लागल्या त्या विटांच्या कपच्या.

चिखलाच्याच बुटांनी तो ताईच्या दारात उभा राहिला आणि वही वाचल्याचं सांगून टाकलं. ताई रागावली नाही. तिने समजावून सांगितलं. कधीतरी ओल्या चिखलावर एक सर येऊन गेली. कुठलासा जीव त्यावरून चालत गेला. चिखल वाळला, वर दुसरा गाळ बसला, आणि ती सर कोट्यवधी वर्षं तशीच राहिली.

“आणि मी दोन तासांत पुसली,” ठोक्या म्हणाला.

“तू काय मुद्दाम केलंस का?”

“हे नाही. ते केलं होतं.” त्याची मान वर होईना. “बाबांच्या वेळचं. मला जमलं असतं, ताई. मी टाळलं. तुझं शिक्षण माझ्यामुळे गेलं.”

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

त्यापुढे जाऊ दे नाही, की झालं गेलं विसर नाही. ठोक्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जायला उठला, तर तिने त्याच्यापुढे कागद सरकवला आणि आठवतं तसं काढ म्हणाली. चित्रकलेत त्याची बोंबच होती. पण एकेका खळग्याभोवती खडू फिरवलेला, त्यामुळे कुठला कुठे होता ते हाताला आठवत होतं. काही लांबट होते, तेही त्याने काढले. ताईने विचारलं, यांची कड सगळीकडे सारखी होती का? त्याने अंगठा टेबलावर फिरवून पाहिला. नाही, डावीकडे उचललेली होती. तिथेच त्याची चकती आधी लागली होती.

“मग वारा उजवीकडून होता,” ताई म्हणाली आणि तिने कागदाच्या कडेला एक बाण काढला.

ती एकेका खळग्यावर पेन्सिल टेकवत पुढे सरकली. खालच्या कोपऱ्यात थांबून तिने विचारलं, हा नक्की इथे होता? ठोक्याने डोळे मिटून आठवलं. मग खरं ते सांगितलं, की नाही, कोपरा रिकामा दिसत होता म्हणून तो मी असाच भरला.

ताईने तो खोडला आणि कागद परत त्याच्याकडे सरकवला.