दारातली पट्टी

पाइप गळून माझ्या खोलीतल्या जमिनीचं लॅमिनेट फुगलं, म्हणून मुलाने ते बदलायला मिस्त्री आणला. शेजारची खोली सूनबाईची आणि बाळाची, तिथलं धडधाकट. पण फळ्या दोन्ही खोल्यांतून सलग गेलेल्या. मिस्त्री म्हणाला, "आजी, दारात कापून वर पट्टी मारावी लागेल."

"माझ्याच घरात सीमा आखतोस होय रे?" मी कडाडले. आज पट्टी आली, की उद्या मला सुनेची परवानगी घेऊन आत जावं लागणार, हे कळत होतं मला.

सून आतून म्हणाली, "मारा हो पट्टी! माझी खोली कुठून सुरू होते, ते आईंना एकदाचं दिसू दे."

झालं! पट्टी बसली आणि मीही हट्टाला पेटले. पट्टीला अंगठे टेकवून उभी राहिले, पलीकडे पाऊल म्हणून टाकलं नाही. तिथूनच ओरडत सुटले, "पडदा वाकडा लागलाय! चादर लोंबतेय! बाळाचं टोपडं डोळ्यांवर आलंय!"

मिस्त्री अजून हत्यारं गोळा करत होता, तोच सून कानांवर हात ठेवून दारात आली. "आई, पाया पडते तुमच्या, पण आत येऊन बोला!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिने पुन्हा विनवलं, तेव्हा कुठे उपकार केल्यासारखी आत गेले.