त्या दिवशी मी स्वच्छ बोललो

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. गावच्या सभागृहासमोरच्या लोखंडी खांबावर मी अठ्ठावीस वर्षं उभा होतो. आता सभागृहाच्या माळ्यावर, गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या शेजारी पालथा पडलो आहे. माझ्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं आहे. मी त्याला हाकलत नाही. माझ्या तोंडाला आता जाळंच शोभतं, असं मला वाटतं. का, ते ऐका.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने मला साच्यावर ठोकून गोल केलं, करडा रंग दिला आणि माझ्या नरड्यात एक पातळ चकती बसवली. ती थरथरली की माझा आवाज निघतो. गावकऱ्यांनी श्रमदानाने सभागृह बांधलं, त्याच्या पुढच्या वर्षी मी आलो. पहिल्याच दिवशी समोरच्या शिंपीणमावशींनी माझ्यातून गाणं म्हटलं. तो आवाज नदीपलीकडच्या शेतापर्यंत गेला. लोक म्हणाले, "काय भोंगा आहे!" खरं तर कौतुक मावशींच्या गळ्याचं व्हायला हवं होतं. मी मात्र ते गुपचूप खिशात घातलं.

पुढे माझं रोजचं काम सुरू झालं. गावात काय होणार आहे ते आधी मला कळे आणि मग गावाला. लसीकरण कधी, वाचनालयाची सभा कधी, मुलांच्या शर्यती कुठे, गावजेवणाला कुणी कोणतं पातेलं आणायचं. एकदा कुणाची तरी शेळी हरवल्याची घोषणा मी दिवसभर केली आणि संध्याकाळी ती मालकाच्याच गोठ्यात, गवताच्या ढिगामागे सापडली. एकदा चष्मा सापडल्याचं सांगितलं, तर मालक दोन दिवस आलाच नाही. चष्म्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं!

घोषणा करायचे ते कंडक्टरकाका. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडून ते निवृत्त झाले होते. आवाज खणखणीत, स्वभाव गमत्या. सभा गच्च भरली की ते सवयीने म्हणत, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही!" गाव हसे. आपल्या बोलण्याला लोक हसतात हे काकांना फार आवडे. मला वाटतं, सगळं तिथेच बिघडलं.

वय झालं तसा मीही खरखरू लागलो. माझ्या नरड्यातली चकती जुनी झाली होती. निम्मे शब्द मी गिळत असे. "सभा पाच वाजता" म्हटलं की वरच्या आळीतले लोक चारलाच येऊन बसत. "तो भोंगा काय बोलतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक," असं लोक म्हणत. मला वाईट वाटे.

मग सभागृहाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार म्हणून रविवारी मोठा कार्यक्रम ठरला. सकाळी शर्यती, दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण, संध्याकाळी बायकांच्या मंडळाची गाणी. बाहेरगावचे पाहुणे येणार होते. गावात लगबग उडाली. भिंती रंगवल्या, खुर्च्या धुतल्या. रंगमंचाचे नवे पडदे शिवायचं काम शिंपीणमावशींनी आपणहून अंगावर घेतलं. आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने शिडी लावून माझ्या नरड्यात नवी चकती बसवली. मी पुन्हा तरुण झालो. वाटलं, आता एक शब्दही गिळायचा नाही.

ती बुधवारची सकाळ होती. दहा वाजले असतील. काकांनी आत बसून घोषणा केली, "गावकरी बंधुभगिनींनो, रविवारच्या कार्यक्रमाला सर्वांनी सहकुटुंब यावे. जेवणासाठी आपापले ताट आणि वाटी आणावी." घोषणा संपली. काकांनी मायक टेबलावर ठेवला. बटण मात्र बंद केलं नाही.

समितीचे अध्यक्ष समोरच बसले होते. ते म्हणाले, "काका, संध्याकाळी पहिलं गाणं कोण म्हणणार?"

हे मी गावभर म्हटलं. नळावरच्या बायकांनी माना वर केल्या.

"नेहमीचंच. शिंपीणमावशी," काका म्हणाले.

"अहो, पाहुणे यायचेत. हल्ली तिचा आवाज ऐकलात का?"

काका हसले. "आवाज कसला, बिनतेलाचं मशीन आहे ते! गाणं कमी, खडखडाट जास्त."

अध्यक्ष खो खो हसले. मीही हसलो. म्हणजे त्यांचं हसणं माझ्या तोंडातून बाहेर पडलं, पंधरापट मोठं होऊन.

"मग सांगून टाका तिला," अध्यक्ष म्हणाले.

"मी? मी कशाला वाईट होऊ? आधी पडदे शिवून होऊ देत. मग सांगू, वेळ उरला नाही म्हणून. आत्ता सांगितलं तर पडदे अर्धवट टाकून बसायची."

"पक्के आहात हो तुम्ही!"

"तीस वर्षं तिकिटं फाडलीत. कुणाला कुठे उतरवायचं ते मला बरोबर कळतं."

मित्रांनो, माझ्या खांबासमोर, रस्त्याच्या पलीकडे, मावशींची पडवी आहे. त्या मशीनवर बसून त्याच पडद्यांना शिलाई घालत होत्या. त्यांचा हात मशीनच्या चाकावर थांबला. त्यांची सून ओल्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "आई, आत चला."

"थांब," मावशी म्हणाल्या. "ऐकू दे. आपल्याबद्दलच चाललंय."

नळावर कुणी भरलेला हंडा बाजूला घेतला नाही, पाणी वाहून चाललं. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. त्यांतल्या दोघी हसत होत्या, ते मला वरून दिसत होतं. सभागृह नळापासून पन्नास पावलांवर आहे. कुणीही धावत येऊन बटण बंद करू शकलं असतं. पुढे काय बोलतात ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

अखेर गिरणीवाले धावले. पिठाने पांढरे झालेले, धापा टाकत ते सभागृहात शिरले. "अहो, बंद करा तो मायक! सगळं गाव ऐकतंय!"

"काय ऐकतंय?"

"तुमचं बोलणं! मावशीसुद्धा ऐकतायत!"

हेही मी गावभर सांगितलं. मग गिरणीवाल्यांनी वायर धरून जोरात हिसडली. मायक दाणकन जमिनीवर पडला आणि मी गप्प झालो.

माझ्या आयुष्यात मी अनेक चुका केल्या आहेत. वार चुकीचे ऐकवले, नावं गिळली. पण त्या दिवशी मी एकही अक्षर चुकलो नाही. वारा पडलेला होता, चकती नवी होती. चोवीस वर्षांत माझा आवाज इतका स्वच्छ कधीच लागला नव्हता. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. ज्या बाईने मला पहिलं गाणं दिलं, तिची अब्रू मी इतक्या नीट, इतक्या स्पष्ट घालवली.

दुपारपर्यंत पडवीतलं मशीन बंद होतं. मग ते पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी सून घडी घातलेले पडदे घेऊन सभागृहात आली. काका एकटेच कोपऱ्यात बसले होते. तिने पडदे टेबलावर ठेवले. "आईंनी निरोप दिलाय," ती म्हणाली, "काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नाही." आणि ती निघून गेली.

काकांनी एक पडदा उलगडला. शिलाई सरळ होती, टाके बारीक होते. त्यांनी तो पुन्हा घडी करायचा प्रयत्न केला. त्यांना जमेना.

जरा वेळाने ते रस्ता ओलांडून पडवीत गेले. चप्पल काढून खालच्या पायरीवरच उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, चुकलो. माफ करा."

मावशी दोऱ्याचं रीळ गुंडाळत होत्या. "जरा मोठ्याने बोला की भाऊ. ऐकू येत नाही."

"चुकलो म्हणतोय."

"बोललात ते गावभर. आणि माफी मात्र माझ्या कानात?"

काका खाली मान घालून परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मायक हातात घेतला. मग ते बोलू लागले. मला वाटलं, आता माझीही सुटका होईल. मी जीव एकवटून तयार झालो.

पण वायर हिसडल्यामुळे कुठेतरी सांधा निखळला होता. माझ्या तोंडून बाहेर आलं ते असं: "गावकरी... खर्रर्र... मी काल... खर्रर्र... मावशी... खर्रर्र... रविवारी सर्वांनी..."

नळावरच्या एका बाईने पडवीकडे बघून विचारलं, "मावशी, म्हणजे रविवारी तुम्ही गाणार ना?"

मावशी उठल्या. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

रेडिओ दुरुस्त करणारा परगावी गेला होता. तो सोमवारशिवाय येणार नव्हता. काका खांबाखाली येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला शिव्या देतील. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुला काय बोल लावायचा?" आणि ते चालायला लागले.

त्यांनी पहिलं दार ठोठावलं ते वरच्या आळीतलं. मग दुसरं. मग तिसरं. खांबावरून मला सगळं गाव दिसे, ऐकूही येई. एकशे चाळीस उंबरे आहेत गावात. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी काका दारोदार हिंडले. प्रत्येक दारात तेच सांगायचे, "मी मावशींबद्दल जे बोललो ते फार वाईट बोललो. त्यांच्याकडून काम काढून घेऊन त्यांना बाजूला सारायचं माझ्या मनात होतं. ते चुकीचं होतं. तुम्ही ते ऐकलंत, म्हणून हेही ऐका."

"जाऊ द्या हो काका, गंमत केलीत तुम्ही," कुणी म्हणे.

"गंमत नव्हती," काका म्हणत.

गिरणीवाल्यांच्या म्हाताऱ्या आईने त्यांना उभं-आडवं झापलं. काका हात जोडून सगळं ऐकत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "मी कुठे काय बोललो? मी फक्त हसलो." काका म्हणाले, "मग तेवढं तरी येऊन सांगा त्यांना." अध्यक्षांनी दार लोटून घेतलं. पण नळावर ज्या दोघी हसल्या होत्या, त्यांतली एक शनिवारी दुपारी स्वतःच मावशींच्या पडवीत गेली. ती इतकं हळू बोलली की मला काही कळलं नाही. ती डोळे पुसत बाहेर आली.

शनिवारी दिवेलागणीला काका शेवटच्या दारात आले. ते मावशींचं होतं. मावशी मशीनला तेल घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"झालं गाव हिंडून?"

"झालं."

"पाय दुखले?"

"दुखले."

"बसा मग."

काका पायरीवर बसले. मावशींनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आवाज गेलाय माझा. तेवढं तुम्ही खोटं बोलला नाहीत. दोन वर्षं मलाही कळतंय. मी वाट बघत होते, कुणीतरी समोर बसून सांगेल म्हणून. तुम्ही सांगितलं असतंत तर घटकाभर रडले असते. आणि मग पडदे शिवायला बसले असते."

काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"प्या," मावशी म्हणाल्या. "उद्या मी येईन. गाणार नाही, पण येईन."

रविवारी त्या आल्या. धुतलेलं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसल्या. काकांनी त्या दिवशी मायकला हात लावला नाही. ते सतरंज्या अंथरत होते, पाणी वाढत होते. संध्याकाळी पडदा वर गेला आणि मावशींच्या सुनेने पहिली ओळ धरली. घाबरल्यामुळे ती फार वरच्या पट्टीत गेली. मावशींनी बसल्या जागेवरून तळहात किंचित खाली केला. सुनेने ते पाहिलं, ती थांबली आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू झाली. मग सगळं मंडळ तिच्यामागून नीट गेलं.

मी बाहेर खांबावर मुका उभा होतो. उघड्या खिडकीतून मला गाणं ऐकू येत होतं. माझ्यावाचून त्यांचं काहीही अडलं नव्हतं.

सोमवारी माझा सांधा जोडला गेला. पुढे काही वर्षं मी कामही केलं. काकांनी बटणाजवळ मोठ्या अक्षरांत "बंद केलंस का?" अशी चिठ्ठी चिकटवली होती. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आता सभेची वेळ आणि जेवणाचं आमंत्रण तिथेच येतं. एका दुपारी मला खाली उतरवलं आणि या माळ्यावर आणून ठेवलं. मला कुणी पुसत नाही. माझा रंग उडाला आहे, कडा गंजल्या आहेत. इतर जुन्या वस्तू याबद्दल कुरकुरतात. मी कुरकुरत नाही.

अधूनमधून खाली समितीची बैठक भरते. मोबाइल टेबलावर पडलेले असतात. लोक एखाद्या न आलेल्या माणसाबद्दल बोलू लागतात, कुणीतरी हसतं, आणि मला इथे वर धडकी भरते. वाटतं, ओरडून सांगावं. पण ओरडायला मला दुसऱ्याचा आवाज लागतो. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ कधीतरी पुसा, आम्हाला बरं वाटेल. पण ते राहिलं तरी चालेल. एवढं मात्र करा. जे सांगायचं ते ज्याचं त्याला, समोर बसून सांगा. बोलून झालं की बटण बंद करा. आणि बटण बंद असलं, तरी ते चालूच आहे असं समजून बोला.