सुंदरी अदीचा मुलूख

नळावरच्या एका भांडणात मी सुंदरी अदीला बोलले होते, "ज्यांना स्वतःचा मुलूख राखता आला नाही, त्यांनी मला लाइन लावायला शिकवू नये." सगळ्या बाया ऐकत होत्या. अदी म्हणजे सिंधीत थोरली बहीण; तिच्या घरचे फाळणीत सिंध सोडून आलेले. त्याला वीस वर्षं झाली. पुढे आमचं बोलणं सुरू झालं, सणाची ताटं जाऊ-येऊ लागली, पण ते वाक्य मी परत घेतलं नाही. माफी मागायची सवय नाही मला.

आता अदी उल्हासनगर सोडून लेकाबरोबर बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला निघाली. बदलापूर काही लांब नाही, पण तिच्या गुडघ्यांना लांबच. टेम्पो रविवारी येणार होता.

माझी नात यशोधरा कॉलेजात पाली शिकते. तिने मला सिंधू नदीच्या नावाचं सांगितलं आणि शनिवारी मी अदीच्या दारात गेले.

"अदी, देशाचं नाव तुमच्या सिंधूवरून पडलंय. मी तेव्हा चुकीचं बोलले."

अदी भांडी पेपरात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "कौसा, तू नळावर बोललीस. सबके सामने. हे पण तिथेच बोल."

बाई तिखट! माझ्याहून.

संध्याकाळी पाणी आलं. मी हंडा न घेताच गेले.

"ऐका गं. आपल्याकडे जुन्या संस्कृतात, पालीत सिंधू. इराणचे लोक स चा ह करायचे. सप्ताहाचा हप्ता झाला ना, तसा सिंधूचा हिंदू झाला. ग्रीकांनी तो ह पण खाल्ला, म्हणून इंडोस. त्यातून इंडिया."

"मावशी, परीक्षा आहे काय?" शेजारची भावना हसली.

"गप गं! अदीच्या मुलखाने अख्ख्या देशाला नाव दिलं. आणि मी तिला काय बोलले होते ते तुम्ही ऐकलंय. ते मी परत घेते."

अदीने मान हलवली. "बस. हो गया."

पण माझं झालं नव्हतं. "माझा महेंद्र दोन महिन्यांचा होता, मी टायफॉइडने पडले होते. महिनाभर त्याला अदीने अंगावर पाजलं, स्वतःच्या सासूला चोरून. नाहीतर तो आज नसता."

"ये किसने बोलने को बोला?" अदी ओरडली आणि तिने ओढणीत तोंड लपवलं.

महेंद्र दारातून ऐकत होता. त्यालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. तो चपला न घालताच आला. त्याने अदीची भरलेली बादली उचलली आणि दुसऱ्या हाताने तिचा हात धरून तिला घरापर्यंत नेलं.