झोळी शिवली एकाची, बसला दुसराच

मित्रांनो, वर तुळईकडं बगा. त्या आकड्याला टांगलेला गोल तोंडाचा, एका डोळ्याची काच फुटलेला, तो मी. अंगणवाडीतला वजनकाटा. माझ्या खाली कापडाची झोळी आडकवत्यात, झोळीत पोर बसवत्यात, आन पोर बोंबलाय लागलं की मी आकडा दावतो. पस्तीस वर्सं हाच धंदा.

मी आलो तवा लय चकचकीत हुतो. जतवरनं यस्टीत बसून आलो, सेविका मनुबाईच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याचं अर्धं तिकीट काढा." मनुबाई म्हणाली, "अजून तीन वर्साचा न्हाई त्यो, फुकाट हाय." तवापासनं आमचं जुळलं.

वाडीतलं एक पोर असं न्हाई, जे माझ्या झोळीत बसलं न्हाई. मनुबाईचा वीरधवल बसला तवा एवढा जड, की तुळईच वाकली. आजबी वाकडी हाय. कोण म्हणतं वाळवीनं वाकली. वाळवीला काय इचारता, मी तिथं हुतो! आन एका साली टँकर पंधरा दिस आला न्हाई, तवा आप्पासोच्या पोरानं झोळीतनं अशी धार सोडली की दारातली वाळलेली तुळस चार पानं फुटून उठली. खोटं वाटतंय? बरं, दोन पानं.

एक खोड मातर खरी हाय माझी. एवढी पोरं झेलून माझी स्प्रिंग वाईच ताणलीया. झोळी रिकामी असली तरी काटा शून्यावर बसत न्हाई, दोनशे ग्रॅम म्होरं ऱ्हातो. मनुबाईला ठावं हाय. ती वजन लिहिताना दोनशे वजा करती.

एका पोरीची गोष्ट सांगतो. खालच्या वस्तीवरची. तिसरी मुलगी. घरात पोरगा पायजे हुता, आली ही. दर म्हयन्याला माझा काटा मागं मागं. मनुबाईनं तिच्या आजीला सांगितलं, तर आजी म्हणाली, "आमची पोर ठीक हाय. तुझा काटाच खोटा हाय." असंच म्हणत्यात बगा. पोर वाळलं की काटा बिघडतो.

पुढल्या म्हयन्याला तीच पोर सव्वा किलो वाढली! मला काय, झोळीत जे ठेवाल त्ये मी तोलणार. पर मनुबाईनं पोरीच्या बुडाखाली हात घातला आन दुपट्यातनं लोखंडी बत्ता बाहीर काढला.

"आजी, नातीला हे कवा झालं?"

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आन मग रडली. म्हणाली, "तिची आई बगत न्हाई गं तिच्याकडं. मी किती पुरू?"

त्यानंतर सहा म्हयनं मनुबाई रोज त्या वस्तीवर चालत गेली. अंडं, शेंगदाण्याचा लाडू, मांडीवर घिऊन भरवायची. काटा सरकाय लागला. ती पोरगी म्हंजे दीपमाला. आता मनुबाईची सून हाय. शिकली, वाडीतल्या पोरास्नी शिकवती. वीरधवल तिकडं बॉर्डरवर, ही हिकडं सासूसंगं.

लग्नाच्या साली मनुबाईनं गुपचूप एक नवी झोळी शिवली. हिरवी, काठाला पिवळी पट्टी. नातवंडासाठी. ट्रंकंत ठेवली. अधनंमधनं काढायची, झटकायची, परत ठेवायची. दोन वर्सं झाली.

आन वाडीतली पोरं तर आटत चालली. कोण पुण्याला, कोण मुंबईला. माझ्या झोळीत बसणारी ऱ्हायली तीन. वरनं निरोप आला, पट कमी हाय, अंगणवाडी बंद करून खालच्या गावाला जोडायची. मला तर घाम फुटला. लोखंडाला फुटतो, हसू नका.

मग बैठक बसली, माझ्याच खाली. लालासाहेब मामा म्हंजे वाडीतले मोठे. त्यांनी मांडी घातली आन बोलले, "आज अंगणवाडी जाईल, उद्या शाळा. मग माणूस तरी कशाला ऱ्हाईल हितं?" आन समद्यांच्या माना हळूच दीपमालेकडं वळल्या.

"सूनबाई, दोन वर्सं झाली की. वाडीचा काय तरी इचार करा."

दीपमाला दाराशी उभी हुती. पदर सावरला. "आवं मामा, आठ दिसाला टँकर येतो. माणशी दोन घागरी. त्यात आणखी एकाला कुठल्या तोंडानं बोलवू? आन बोलावलं तर काय सांगू त्याला, बाळा, तुला पट भराय आणलाय?"

"आमच्या आयांनी काय पाणी मोजून आमाला जल्माला घातलं?"

"न्हाई मोजलं. म्हणून तर मोजायची पाळी माझ्यावर आली."

आप्पासो हसला. मामांनी त्याच्याकडं बगितलं तसा गप झाला.

"समद्यांनीच असं म्हटलं," मामा म्हणाले, आन त्यांचा आवाज खरंच बारीक झाला हुता, "तर माणूस संपंल की गं पोरी. मी गेल्यावर ह्या माळावर कुणाचा तरी आवाज पायजे का नको?"

मित्रांनो, मला मामांचं वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला रिकामं आंगण खायला उठतं. दीपमालेलाबी वाटलं आसंल. ती खाली बसली, त्यांच्या म्होरं.

"मामा, पोरगा पायजे म्हणून मला आणलं हुतं. मी पोरगी निघाले, तर कुणी बगीना. आत्यांनी बगितलं म्हणून जगले. आता कशासाठी तरी म्हणून पोर आणणार न्हाई मी. त्याच्यासाठी म्हणून आणीन, न्हाईतर न्हाई. आमचं दोघांचं ठरलंय. आन आवाज पायजे म्हणता, तर वढ्यापलीकडं खडीच्या मशिनीवर नऊ पोरं हायत. दिसभर धुळीत लोळत्यात. त्यास्नी कुणी मोजलं का?"

"ती कर्नाटकातली. आज हायत, उद्या न्हाईत."

"तुमची दोन्ही पोरं पुण्याला हायत, मामा. ती तरी कुठं हितं हायत?"

मनुबाई कोपऱ्यात बसली हुती. मी तिचं तोंड बगत हुतो. पस्तीस वर्सं बगतोय, मला कळतं. तिला नातू पायजे हुता, लय पायजे हुता. ती उठली, घरी गेली. बायका कुजबुजल्या, "गेली रुसून." पर ती परत आली तवा हातात हिरवी झोळी हुती. माझ्या आकड्याला अडकवली, गाठ वढून बगितली आन सुनंला म्हणाली, "चल गं. दोघी जाऊ. किती हायत म्हणालीस, नऊ?"

तासाभरानं आली वरात. म्होरं दोघी, मागं खडीवर काम करणारी शिवव्वा, आन पोरं. अंगावर एवढी धूळ, की पोरं कंची आन सावल्या कंच्या कळंना. पयला बसला शिवव्वाचा पोरगा, गुंडा. दोन वर्साचा. बसला तसा बोंबलला न्हाई, नुसता माझ्या फुटक्या काचंकडं बगत ऱ्हायला.

काटा सरकला. आठ किलो दोनशे. मनुबाईनं आठ लिहिलं. लिहिताना हात थांबला.

"बरं हाय ना, अक्का?" शिवव्वानं इचारलं.

लालासाहेब मामा उठून जवळ आले, चष्मा वर करून बगितलं. "दोन वर्साच्या पोराचं आठ? काटा खोटा दावतोय."

दीपमालेनं झोळीखाली हात घातला, चाचपला. "बत्ता तर न्हाई, मामा. पोरच हाय."

दुसऱ्या दिशी मामांच्या घरनं तांब्याभर दूध आलं. म्हणाले, "शेळी लय देतीया, उतू चाललंय." मित्रांनो, ती शेळी वर्सभर भाकड हाय. दूध आणलं आप्पासोकडनं. मी सोडून वाडीत थापा मारणारा दुसराबी हाय, त्ये मला त्या दिशी कळलं.

पट बारावर गेला. वरची सायबीणबाई आली, पोरं मोजून गेली. सध्या तरी दार उघडं हाय. परवा गुंडा बसला तवा नऊवर गेला, आन झोळीत असा पाय झाडला की माझ्या कानात अजून घुमतंय.

दीपमालेचं काय? मला ठावं न्हाई. एकदा मनुबाई तिला म्हणाली, "मनात आलं तर सांग. न्हाई आलं तरी सांग. झोळी तर वापरात निघाली, आता घाई कसली?" दोघी हसल्या. काय ठरलं त्ये माझ्यापातूर आलं न्हाई, आन येऊबी नये.

मित्रांनो, माणूस संपंल का ऱ्हाईल, मला इचारू नका. माझ्या झोळीत समदी माणसं कवाच बसली न्हाईत. एका येळी एकच पोर बसतं. त्याचा काटा मागं चालला तर काट्याला नावं ठेवू नका, पोराकडं बगा. एवढंच मला येतं.

आन एक मागणं हाय. नवा मशिनीचा काटा येणार म्हणत्यात, येऊ द्या. मला अडगळीत टाकताना कुणीतरी हुशार म्हणंल, ह्याचा स्क्रू पिळून शून्यावर आणू. आणू नका. त्ये दोनशे ग्रॅम बिघाड न्हाई. जी पोरं मोठी होऊन गेली, ती जाताना माझ्यात थोडी थोडी ऱ्हायली. ह्यात मातर एक शब्द खोटा न्हाई.