भरल्या पोटांचं बेट

आमच्या ह्यांना निवृत्त झाल्यापासून एकच वेड लागलं आहे. जिथे कुणी जात नाही, तिथे जायचं. कुणी का जात नाही, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो मला पडतो, पण मी तो मनातच ठेवते. संसार असाच चालतो.

या बेटावर हॉटेल नाही, लॉज नाही, पाहण्यासारखं म्हणून कुणी फलक लावावा असं काहीच नाही. एक धक्का, एक शाळा, एक दुकान, नारळाची झाडं आणि मधूनमधून घरं. आम्ही लाँचमधून उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोर वळणाऱ्या एका काकूंनी आम्हाला माडीवरची खोली दिली. खोलीत एक बाज, एक खिडकी, आणि अर्ध्या भागात छतापर्यंत रचलेल्या काथ्याच्या मोळ्या. "त्यांना हलवायचं नाही हं," काकू म्हणाल्या, "त्या तुमच्या आधीच्या पाहुण्या आहेत."

ह्यांनी खाली बसून पोटभर जेवून घेतलं. मी पाणी प्यायले आणि माळ घेऊन बसले. सूर्य मावळल्यावर मी अन्न घेत नाही, हा माझा एक नेम. दुसरा असा की दिवसाचं पहिलं जेवण मी घराबाहेरच्या कुणाला तरी वाढल्याशिवाय करत नाही. चार घास का होईना, पण समोरच्यानं खाल्ले पाहिजेत. आमच्या गल्लीत याची कधी अडचण आली नाही. गॅसवाला, टपालवाला, शेजारची सासूवर रुसलेली सून, कुणी ना कुणी भुकेलं दारात असतंच. घरचा माणूस मात्र चालत नाही. चालला असता तर ह्यांच्याइतका हुकमी भुकेला मला शोधूनही सापडला नसता.

सकाळी अंघोळ, जप उरकून मी खाली आले. काकूंच्या स्टोव्हवर भात, डाळ आणि दुधी शिजवला, डब्यात भरला आणि मोठ्या आनंदानं म्हटलं, "काकू, बसा. आज तुम्हाला वाढते."

काकू अंगणात दोराचं चाक फिरवत होत्या. त्यांनी हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता? अहो ताई, आमची जेवणं पहाटेच झाली!"

"पहाटे जेवता?"

"आज पहाटे. उद्या जरा उशिरा. परवा आणखी उशिरा." मग माझा चेहरा बघून त्यांनी चाक थांबवलं आणि नीट समजावलं. बेटाची खाडी उथळ आहे. भरती आली की होड्या आत येतात, मग माणसं घरी येतात, मग सगळं बेट एकदम जेवतं. भरती रोज थोडी सरकते, तसं जेवणही सरकतं. आज भरती उजाडताना होती. आता पुढची दिवे लागल्यावर.

"मग मला का नाही उठवलंत?"

"पाहुण्यांना झोपेतून उठवून जेवायला घालायचं? आम्हाला काय रीतभात नाही?"

दिवे लागल्यावर माझं तोंड बंद. म्हणजे त्याआधी कुणीतरी जेवायला हवं. नाहीतर कालचा उपास आजही, आणि उद्याची लाँच उपाशीपोटी. पोटात कालपासून काही नव्हतं, डोकं जरा हलकं झालं होतं. पण मी मनाशी म्हटलं, एवढं मोठं बेट, एवढी माणसं, त्यात एक भुकेला मिळणार नाही?

तेवढ्यात हे फिरून आले. मिशीला भाताचं शीत.

"हे काय?"

"काही नाही गं. पहाटे धक्क्यावर गेलो होतो. तिथे होडीवाल्यांनी आग्रह केला. नाही म्हणवेना."

"किती वेळा नाही म्हणवेना?"

"दोनदा," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले.

मी डबा उचलला, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. हे मागोमाग. माझी काळजी म्हणून नव्हे. मजा चुकू नये म्हणून.

पहिला भेटला होड्यांचा सुतार. एक होडी पालथी घालून तो तिच्या फटींत कापसाचा पीळ ठोकत होता. ठोका, ढेकर, ठोका, ढेकर, अशी त्याची लय लागली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"दादा, चार घास खाता का? ताजं आहे."

"बाई, मी आता या होडीइतका भरलोय. आणखी एक घास टाकलात तर बुडेन." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुम्हीच उपाशी दिसता. माझी बायको वाढेल तुम्हाला. ए, ऐकलंस का? ताट घे!"

"नको, नको. मी आधी कुणाला वाढल्याशिवाय खात नाही."

"अरेच्चा. म्हणजे तुम्हाला जेवायला घालायचं तर आधी कुणीतरी उपाशी राहायला हवं होतं. सांगितलं असतंत तर राहिलो असतो!"

त्याची बायको ताट घेऊन आलीच. तिला नको म्हणताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. देवा, परीक्षा घे, पण गरम भाताची वाफ तोंडावर सोडून घेऊ नकोस.

दुकानात दुकानदार गल्ल्यावर डोकं टेकून घोरत होता. पायाशी मांजर. ह्यांनी मांजराकडे बोट दाखवलं. "हे चालेल का?"

"माणूस म्हटलंय मी."

"देवाला काय, मांजर काय नि माणूस काय."

"देवाला चालेल. मला चालत नाही," मी म्हटलं. तोवर मांजरानं डब्याला नाक लावून पाहिलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा झोपलं. या बेटावर मांजरसुद्धा भरतीवर जेवतं.

शाळेची एकच खोली होती, वर पत्रा, खाली चटया. मास्तरीणबाई पाढे घेत होत्या. मी दारात उभी राहून डबा दाखवला तेव्हा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "जेवलो!" एका मुलीनं पुरावा म्हणून फ्रॉक वर करून पोट दाखवलं. पोट खरंच टरटरीत होतं.

मास्तरीणबाई बाहेर आल्या. बिचाऱ्यांनी मनापासून विचार केला, अगदी गणित सोडवावं तसा. "आजारी कुणी नाही. बाळंतीण आहे एक, पण तिचं तर दोनदा झालं असेल. उपाशी... उपाशी..." मग त्यांचे डोळे चमकले. "आहे की एक! पण तुम्ही त्याच्या नादी लागू नका."

"बर्फवाले काका!" आतून वर्ग ओरडला. पाढ्यांपेक्षा हे उत्तर पाठ होतं.

गोष्ट अशी होती. बेटावर बर्फ करणारा एकच, आणि कपडे शिवणारीही एकच, ती त्याची बायको. बर्फाची शेड आणि तिचं शिलाईघर गल्लीत समोरासमोर. काल त्यानं धक्क्यावर चारचौघांत सांगितलं की माझ्या बर्फाच्या यंत्रापेक्षा आमच्या हिच्या मशीनचा आवाज जास्त, आणि मशीनपेक्षा हिचा. ते तिच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "मग जेवण पण तुमच्या त्या गप्प यंत्रालाच वाढायला सांगा." तेव्हापासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नाही.

"आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो म्हणतो, जेवलो तर हरलो."

मी निघाले. माझ्या पायांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

बर्फाच्या शेडमध्ये गार अंधार होता. जमिनीवर लाकडाचा भुसा, गोणपाटाखाली लाद्या, भिंतीला टेकवलेली लांब करवत. मधोमध एका उलट्या टोपलीवर एक आडदांड माणूस हाताची घडी घालून बसला होता. समोर गल्लीपलीकडे उघडी खिडकी, खिडकीत मशीन, मशीनमागे एक बाई मान खाली घालून शिवत होती. तिचं लक्ष सुईपेक्षा इकडेच जास्त होतं.

"काही पाहिजे का?" तो म्हणाला.

"तुम्ही जेवायला हवे आहात."

"मला भूक नाही."

एवढ्यात कुठूनसा गुरगुर आवाज झाला. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, मी त्याच्या. कुणाचं वाजलं ते आजपर्यंत ठरलेलं नाही.

"दादा, माझा एक नेम आहे," मी म्हटलं आणि त्याला सगळं सांगितलं. भरतीचं, सुताराचं, मांजराचंही. हे मधेच म्हणाले, "काल सकाळपासून उपाशी आहे हो ती." आवाजात चक्क काळजी होती. मला बरं वाटलं. पोट भरलेलं असलं की ह्यांचं मन मोठं होतं.

बर्फवाला हळू म्हणाला, "मी जेवलो तर ती म्हणेल, हरला."

"आणि नाही जेवलात तर मी हरते. माझा तर तुमच्याशी काही वादही नाही."

हे त्याला पटलेलं दिसलं. तो उठला, थेट दारात गेला आणि समोरच्या खिडकीकडे न बघता, आभाळाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "कुणी ऐकत असेल तर ऐका! मी माझ्यासाठी जेवत नाहीये! पाहुण्या बाईंचा नेम मोडू नये म्हणून जेवतोय!"

समोरची मशीन थांबली. "ऐकलं!" खिडकीतून आवाज आला. आवाज खरोखर खणखणीत होता, त्याबाबतीत त्याची काही चूक नव्हती. "चार घासांचा नेम आहे ना? मग चारच घ्या!"

मी भुशावर गोणपाट अंथरलं, डबा उघडला, त्याला वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत उगाच पाणी आलं. झालं, देवा. झालं.

तो काही चारावर थांबला नाही.

"पाचवा!" खिडकीतून आलं. "आता हा कुणाच्या नेमाचा?"

"मोजणारीनं मोजावं!" तो तोंडात घास असतानाच म्हणाला. "मोजणारीनं स्वतः पहाटे काय खाल्लं तेही सांगावं!"

यावर खिडकीतून काही आलं नाही. मशीनही सुरू झाली नाही. त्याचा हात डब्यावर तसाच राहिला.

"काल रात्री तरी?" त्यानं विचारलं. या वेळी आभाळाला नाही, खिडकीला.

"तुम्हाला काय करायचंय," ती म्हणाली. पण हे इतक्या हळू, की गल्ली ओलांडून जेमतेम आलं.

एवढा आडदांड माणूस, पण कसा उठला ते कळलं नाही. डबा उचलला, पायाला लागलेल्या भुशासकट गल्ली ओलांडली आणि तिच्या मशीनवरची कापडं बाजूला सारून डबा तिथे ठेवला.

"खा."

"मी हरणार नाही."

"हरू नकोस. पाहुण्या बाईंचा नेम आहे." त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. "हो की नाही हो ताई? बायको उपाशी असताना नवऱ्याला वाढलं तर नेम अर्धाच होतो ना?"

माझ्या नेमात असं काही नाही. पण नेम माझा, तेव्हा त्यात भर घालायचा अधिकारही माझाच. "अगदी अर्धाच," मी म्हटलं.

ती जेवली. आधी तोंड वळवून, मग सरळ. तो शेजारी उभा राहून तिच्या मशीनचं चाक उगाच बोटानं फिरवत होता, आणि ती त्याच्या हातावर चापट मारत होती. "दोरा गुंतेल!" "गुंतू दे." "गुंतू दे काय, शाळेचे गणवेश आहेत ते!" बाहेर गल्लीत हळूहळू लोक जमले. सुतार, त्याची बायको, दोरवाल्या काकू. जागा झालेला दुकानदार मांजर काखेत घेऊन आला होता. काही न बघितल्यासारखं करत सगळे सगळं बघत होते.

मग हे म्हणाले, "अगं, पण डबा?"

डबा लख्ख रिकामा होता. शिलाईवालीनं शेवटचं शीतसुद्धा बोटानं पुसून खाल्लं होतं. तिनं डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! ताई, तुमचं काय?"

"मी वाढते!" सुताराची बायको म्हणाली. "आमच्याकडे शिल्लक आहे," काकू म्हणाल्या.

"कुणी हात लावायचा नाही!" शिलाईवाली म्हणाली, आणि तिचा तो आवाज ऐकून खरंच कुणी लावला नाही. ती आत गेली. तिच्या मागे तो. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग तांदूळ धुतल्याचा, मग भांडण. पाणी जास्त झालं, नाही झालं, तुम्हाला काय कळतं, मला नाही तर कुणाला कळतं. दारात बसून मी ऐकत होते. एखाद्या माणसाचं जेवण इतक्या प्रेमानं कुणी भांडत शिजवलं असेल असं मला वाटत नाही.

सूर्य अजून नारळांच्या वर होता. तिनं माझ्यापुढे पाट मांडला, ताट ठेवलं, भाताचा डोंगर केला. भात खरंच मऊ झाला होता, पाणी जास्तच. मी डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मग मोजायचं सोडून दिलं.

ताट रिकामं व्हायच्या आतच ती हातात पळी घेऊन उभी राहिली. "अजून वाढू?"

सकाळपासून ज्याच्या त्याच्या दारात मी हात आडवा करून नको नको म्हणत आले होते. आता ताट पुढे सरकवलं.

"वाढा," मी म्हटलं. "भरपूर वाढा."