ब्लोअर चारवर

गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात भाच्याचं काम तसं ऐकण्याचं. गाडीवाल्यांची गाऱ्हाणी ऐकायची, शेजारी बसून एक चक्कर मारायची आणि वर्कशॉपला सांगायचं, कुठं काय दुखतंय ते. पण नव्या गाडीचं दुखणं ऐकू आलं की ते वॉरंटीत बसतं, आणि वॉरंटीत बसलं की कंपनीचा फोन येतो, "तुमच्याकडेच कशा बिघडतात इतक्या गाड्या?" म्हणून मॅनेजरने सगळ्यांना एक सोपी युक्ती शिकवली होती. गाडीत बसलं की एसीचा ब्लोअर थेट चारवर न्यायचा आणि बोलत राहायचं. घरचं, दारचं, पोराबाळांचं. वळण सरेपर्यंत.

"ऐकलंच नाही, तर लिहिणार काय?" मॅनेजर हसायचा.

मामांनी उतारवयात पहिली गाडी घेतली ती भाच्याच्या शब्दावर. "आपलं माणूस आहे तिथं," असं गल्लीभर सांगून आले. महिना गेला नाही तोच डावं वळण घेताना पुढून खटखट यायला लागली. दुखणं स्टीअरिंगच्या रॅकचं. या मॉडेलच्या कितीतरी गाड्यांना होतं ते; भाच्याला तोंडपाठ.

मामा तीनदा आले. तिन्ही वेळा त्याने ब्लोअर चारवर नेला आणि मामीच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"आला का रे?"

"काय?"

"आवाज. आत्ता, वळताना."

"छे हो मामा! लोण्यासारखी चाललीय."

मामांनी मान डोलावली. "तू म्हणतोस म्हणजे नसेल."

पुन्हा काही ते आले नाहीत. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं, खोटं कशाला बोला.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो सहज मामांकडे गेला. गाडी दारातच होती, काचांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. मामी चहा गाळत होती.

"मामा गाडी काढत नाहीत का गं?"

"काढतील कशी? कान गेलेत म्हणे. नसलेले आवाज ऐकू येतात. डॉक्टर सांगून थकला, कान ठणठणीत आहेत. तर ह्यांचं आपलं एकच, डॉक्टर परका, भाचा थोडाच खोटं बोलेल?" मामी हसली. "दाढी करताना गायचे ना, तेही सोडलंय. म्हणतात, सूर लागला की नाही, मला काय कळणार आता? म्हटलं, पूर्वी तरी कुठं लागत होता!"

भाच्याला हसू फुटेना. बाप गेल्यावर त्याच बेसूर गळ्याने त्याला किती रात्री निजवलं होतं. चहा तसाच ठेवून तो आतल्या खोलीत मामांकडे गेला.

"मामा, चला. एक चक्कर मारू."

"अरे, तुझी सुट्टी आहे."

"चला हो."

मामा स्टीअरिंगवर बसले आणि भाच्याने पट्टा लावायच्या आत त्यांनीच हात लांबवून ब्लोअर चारवर नेला.

"तुला असाच लागतो ना?"

त्या थंड झोताखाली भाच्याचे कान तापले. त्याने ब्लोअर बंद केला. कोपरा आला, चाकं डावीकडे वळली. खट्. खट्खट्.

मामांनी चोरट्या पोरासारखं त्याच्याकडे पाहिलं. "मला परत आला बघ."

"मलाही आला, मामा."

"आत्ता?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हापासून ठाऊक आहे."

मामांनी गाडी कडेला घेतली. "म्हणजे माझे कान..."

"चांगले आहेत."

मामांचा चेहरा उजळला. "थांब, तुझ्या मामीलाच सांगतो!" त्यापेक्षा एक थोबाडीत भाच्याला परवडली असती. मग ते हसू हळूहळू विझत गेलं. मामांचं बोट ब्लोअरच्या बटणावर टेकलं.

"मग हा कशाला लावायचास रे?"

भाच्याने मान खाली घातली. "उद्या गाडी आणा. मी लिहितो आवाज. रॅक बदलून देतो. मॅनेजर काय म्हणायचं ते म्हणू दे."

मामांनी बोट बटणावरून काढलं. गाडी सुरू केली. घर उजवीकडे होतं, हाकेच्या अंतरावर. मामांनी गाडी डावीकडे वळवली. खट्खट्. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. मग पुन्हा. भाचा मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला.