न खोकणारा हॉल

लवूच्या मुलीचं बारसं कर्फ्यूत झालं. त्यावरून साल पक्कं सांगता येतं: छप्पन्नचा जानेवारी. लालबागेत गोळीबार, दुकानं बंद, म्हणून पेढ्यांऐवजी गुळाचे खडे वाटले आणि पोरीचं नाव मालन ठेवलं. लवू माझा धाकटा भाऊ, गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात. पाळण्याशी उभा असताना त्याला असा खोकला लागला की बायकांचं पाळणा म्हणणं थांबलं. पुढच्याच महिन्यात क्षय निघाला आणि दवाखान्यात सुया सुरू झाल्या.

त्याच वर्षी गणपती उठल्यावर परळच्या एका हॉलात प्रार्थनेनं रोग बरे करणारे ब्रदर नथानेल अवतरले.

गिरणीवाल्यांची गर्दी डोळे मिटूनही ओळखता येते. ती खोकते. कापसाची धूळ छातीत घेऊन माणसं तिथं जमत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. दारात दोन बाया प्रत्येकाला छोट्या पेल्यातून तांबडा, गोड रस देत.

"हे औषध नाही हं!" पांढऱ्या कोटातले ब्रदर हसून सांगत. "नुसतं द्राक्षाचं पाणी. खूण आहे, खूण. बरं करणारा वर बसलाय."

मग पेटी, टाळ्या, गाणी. आणि ब्रदरांचं भाषण.

"तुम्ही देवाकडे मागता. भिकाऱ्यासारखे मागता! मागू नका. मिळालं म्हणून आभार माना. आधी आभार, मग आरोग्य. बोला, माझा खोकला बरा..."

लोकांना मोर्च्यांची सवय. अख्खा हॉल गरजला, "झालाच पाहिजे!"

"चूक! 'पाहिजे' म्हणजे संशय. बरा झालाच! धन्यवाद!"

"धन्यवाद!"

असं तासभर चाले. मग ब्रदर हात वर करत. "आता गप्प. नुसतं ऐका."

आणि त्या हॉलात एकही माणूस खोकत नसे. पंख्याची घरघर तेवढी. एकदा लवूबरोबर मी स्वतः तिथं होतो. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? बायका रडत होत्या. लवू रडत होता.

तेवढ्यात ब्रदरांनी खरा खिळा ठोकला. "आभार मानून झाल्यावर जो सुई टोचून घेतो, तो देवाला तोंडावर खोटारडा म्हणतो!"

दुसऱ्या दिवसापासून लवू दवाखान्यात जाईना.

"अरे, सुई घे आणि आभारही मान, कोण नाही म्हणतो?" मी म्हटलं.

"दादा, खोकला गेला ना? आता कशाला?"

"पण तू वाळत चाललायस."

"तू आधीपासून संशयीच. आये म्हणतेच, गणपत देवळात चपला सांभाळायला जातो."

ही गोष्ट मी शांतवन मास्तरांना सांगितली. मास्तर नगरकडचे, ख्रिस्ती. आम्हा कामगारांना रात्रशाळेत शिकवत. मला चाळिशीत पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गणपतराव, मी रोज सकाळी आभार मानतो. त्या सुईबद्दलसुद्धा मानतो. न झालेल्या गोष्टीचे आभार मानून ती झाली असं देवाकडून वदवून घेणं, ही प्रार्थना नव्हे, दमदाटी आहे."

"मग त्याला जाऊन सांगा की."

"मी सांगितलं तर तो म्हणेल, मास्तर हेवा करतो. आणि खोकला कसा थांबतो, ते मला अजून कळलेलं नाही."

ते आमच्या आयेला कळलं.

ब्रदर घरी न्यायलाही रस देत, दान घेऊन. लवूची बाटली फळीवर असे. एका दुपारी मालनला ताप आला, ती रडून रडून लाल झाली. अंबिकानं, लवूच्या बायकोनं, भक्तिभावानं दोन चमचे रस पोरीला पाजला. पोर निजली. तिन्हीसांज झाली तरी उठेना. हलवलं, पाणी शिंपडलं, मान लुळी.

आये बाहेरून आली. तिनं पोरीची पापणी उचलली, मग ओठाला नाक लावलं.

"काय पाजलंस गो हिका?"

"आई, तो आभाराचा रस... देवाचाच आहे."

आयेनं बाटलीत बोट बुडवून चाटलं आणि ती थुंकली. "मेल्याचा देव जळो! ही तर बाळगोळी! ह्या दोघा भावांका हीच चारून मी वायंडिंग खात्यात उभी रवलंय!"

पूर्वी गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देत. पोर पाळी सुटेपर्यंत गपगार. आमच्या पिढीतली निम्मी पोरं त्या झोपेत वाढली, काही उठलीच नाहीत. आयेची दोन उठली नव्हती. तो वास ती विसरणार कशी?

मी पोरीला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या. "अफू," ते म्हणाले. "खोकला दाबते, श्वासही दाबते." मालन वाचली. कशीबशी.

लवू तरी म्हणाला, "पोरीला जास्त झालं असेल. पण मला देवानंच बरं केलं."

पुढच्या रविवारी मास्तर, आये आणि मी हॉलात गेलो. लवूला हाताला धरून नेलं. रस वाटायच्या आधी मास्तर उभे राहिले.

"ब्रदर, हा रस नुसतं द्राक्षाचं पाणी ना?"

"अगदी! खूण आहे."

"आणि बरं करतो देव?"

"हाल्लेलूया! देवच!"

"मग आज उजव्या बाजूनं रस घेऊ नये. डाव्या बाजूनं घ्यावा. स्तुती दोघांनी सारखीच करावी. देव काही डावं-उजवं बघत नाही."

ब्रदरांचं हसू कोटासारखं कडक झालं. "देवाची परीक्षा पाहू नये, असं शास्त्रात—"

"परीक्षा द्राक्षाच्या पाण्याची आहे," मास्तर म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "होऊन जाऊ दे की रे! घाबरतो काय?" हॉल हसला. आता नाही म्हणायची सोय नव्हती. आये लवूला घेऊन उजवीकडे बसली.

त्या दिवशी ब्रदर घसा फोडून गायले. तास झाला. सगळ्यांनी धन्यवाद म्हटलं. मग सवयीनं शांतता झाली.

आधी एक म्हातारा खोकला. मग त्याच्या मागचा. मग उजवी बाजू सगळीच, गिरणीचं एखादं खातं चालू व्हावं तशी. डावी बाजू गप्प, जड पापण्यांनी तिकडे बघत होती. लवू सगळ्यांत शेवटी खोकला, पण थांबेना. त्यानं तोंडावर धरलेला रुमाल आयेनं उघडला. लाल होता.

"तुमच्या श्रद्धेत खोट आहे!" ब्रदर उजव्या बाजूवर ओरडले.

आये उठली. "अरे भाड्या, श्रद्धा दोन्हीकडे होती. अफू एकीकडेच होती."

ब्रदर पेटीवाल्याला मागे टाकून बाजूच्या दारानं निघाले. लोक धावले, पण हाती फक्त पेले लागले.

लवूनं दुसऱ्या दिवशी स्वतःहून दवाखाना गाठला. सुया पुन्हा सुरू झाल्या. पण मध्येच सोडल्यामुळे आता त्या लागू पडेनात, असं डॉक्टर म्हणाले. खोकला म्हणजे छातीची हाक होती. ब्रदरांनी रोग तसाच ठेवून हाकेचं तोंड दाबलं, आणि आम्ही त्याबद्दल टाळ्या वाजवल्या.

प्रार्थना करणाऱ्याशी माझं भांडण नाही. मास्तर मरेपर्यंत करत होते, मी करत नाही. पण जो तुम्हाला सांगेल की आभार मानायचे तर औषध सोड, त्याला आधी दाराबाहेर काढा. चमत्कार दिसला तर अर्ध्या माणसांना रस देऊ नका आणि बघत बसा. त्याला शाळा लागत नाही. आमच्या आयेला सही येत नव्हती.

मालनला आता नातवंडं आहेत.

माझा भाऊ लवू सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये, शिमग्याच्या आदल्या दिवशी, दवाखान्याच्या खाटेवर वारला.